वकिलावरच दावा: न घडलेल्या खटल्याचा निकाल कोण लावणार?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांना वाटतं, चांगला विषय म्हणजे ज्यावर भरपूर माहिती मिळते तो. माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी एम.एस्सी. केलं स्टॅटिस्टिक्समध्ये, आणि आता पीएच.डी. करतेय कायद्याच्या इतिहासात, पुराव्याच्या कल्पनेवर. या वाटेवर मला ज्या विषयाने सगळ्यात जास्त शिकवलं, त्याचे निकाल आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकेच हाती लागतात. विषय असा: अशील आपल्याच जुन्या वकिलावर दावा लावतो तेव्हा काय होतं?

वकिलाने मुदत चुकवली, तारखेला हजर राहिला नाही, चुकीचा सल्ला दिला, विचारल्याशिवाय तडजोड केली. त्यामुळे माझं नुकसान झालं, ते भरून द्या. ऐकायला सरळ वाटतं. डॉक्टरवर दावा होतो, बिल्डरवर होतो, तसाच हा. पण इथे एक पेच आहे, आणि तो पेच बाकी कुठल्याही व्यवसायात इतका टोकदार नाही. नुकसान किती झालं हे ठरवायला आधी हे ठरवावं लागतं, की वकील चुकला नसता तर मूळ खटल्याचा निकाल काय लागला असता? आणि तो खटला तर तसा कधी घडलाच नाही.

प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल. प्रयोग आहे, पण कंट्रोल नाही. औषध दिलेला पेशंट समोर आहे, औषध न दिलेला तोच पेशंट कुठेही नाही. या अडचणीला वेगवेगळ्या देशांतल्या न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली. प्रत्येक उत्तरात कोणाला तरी किंमत मोजावी लागली. ती कोणी मोजली, एवढंच आज बघायचं आहे.

स्टॅफर्ड, 1856: कंट्रोल मिळाला तरी

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण आपल्या कायद्याची बरीचशी भाषा तिथून आली.

पेशन्स स्विनफेन नावाची एक विधवा बाई. सासऱ्याने मृत्युपत्रात इस्टेट तिच्या नावे केली. सासऱ्याच्या दुसऱ्या एका वारसाने हरकत घेतली की म्हाताऱ्याची मनःस्थिती मृत्युपत्र करण्यासारखी नव्हती. 1856 मध्ये स्टॅफर्डला खटला उभा राहिला. बाईंचे वकील होते सर फ्रेडरिक थेसिगर, त्या काळातलं फार मोठं नाव. खटला चालू असताना थेसिगरनी तडजोड करून टाकली: इस्टेट सोडायची, बदल्यात बाईंना दरसाल 1,000 पौंड मिळणार. बाईंनी याला होकार दिलेला नव्हता.

बाई बधल्या नाहीत. समोरच्या पक्षाने ती तडजोड न्यायालयाकडून लागू करून घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. मग 1858 मध्ये खटला नव्याने चालला, दुसरा वकील उभा राहिला, आणि बाई जिंकल्या. इस्टेट त्यांची झाली.

इथे जरा थांबा. वर म्हटलेला कंट्रोल नेमका या एका प्रकरणात मिळाला. त्याच मृत्युपत्रावर, त्याच वादावर, तडजोडीशिवाय खटला चालला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर प्रत्यक्ष समोर आलं. अशी संधी संशोधकाला आयुष्यात क्वचित मिळते.

या जोरावर बाईंनी थेसिगरवर दावा लावला. तोवर ते लॉर्ड चेम्सफर्ड झाले होते, आणि इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतलं सर्वोच्च पद, लॉर्ड चॅन्सेलरचं, भूषवून बसले होते. 1860 मध्ये निकाल लागला. बाई हरल्या. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: बॅरिस्टरने प्रामाणिकपणे, आपल्या समजुतीप्रमाणे काम केलं असेल तर तो अशिलाला नुकसानभरपाई देणं लागत नाही.

म्हणजे पुराव्याची अडचण नव्हती. दारच बंद होतं.

या कहाणीला एक शेपूटही आहे. बाईंना इस्टेट जिंकून देणारा दुसरा वकील केनेडी. बाईंनी त्याला 20,000 पौंड द्यायचं कबूल केलं होतं म्हणे. पुढे त्यांनी लग्न केलं आणि पैसे मिळाले नाहीत. केनेडी कोर्टात गेला. 1863 मध्ये न्यायालयाने सांगितलं, बॅरिस्टर फीसाठी अशिलावर दावा लावू शकत नाही. त्यांच्यात करारच होऊ शकत नाही, फी ही मानधनासारखी गोष्ट आहे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. अशील वकिलावर दावा लावू शकत नाही, वकील अशिलावर लावू शकत नाही. व्यवहार पैशाचा, पण कायद्याच्या नजरेत तो व्यवहारच नाही.

एक खुलासा इथेच करून ठेवते. इंग्लंडमध्ये वकिलांच्या दोन जाती: सॉलिसिटर आणि बॅरिस्टर. सॉलिसिटर कागदपत्रं तयार करणार, अशिलाला भेटणार. बॅरिस्टर कोर्टात उभा राहून बोलणार. वरचं संरक्षण बॅरिस्टरला होतं. सॉलिसिटरवर निष्काळजीपणाचा दावा पूर्वीपासून लावता येत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही ही दुहेरी पद्धत 1970 च्या दशकापर्यंत टिकली होती, त्यामुळे जुने मुंबईकर वकील हा फरक अजून सहज सांगतात.

2 पौंड 4 शिलिंग 6 पेन्सचा वकील

शंभर वर्षं पुढे येऊ. 1959 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात रॉन्डेल नावाच्या आरोपीवर एका माणसाला गंभीर जखमी केल्याचा खटला चालला. त्याच्याकडे वकील नव्हता. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आरोपीच्या पिंजऱ्यातूनच समोर बसलेल्यांपैकी एक बॅरिस्टर निवडता यायचा. त्याने निवडला, एकूण 2 पौंड 4 शिलिंग 6 पेन्स दिले. खटला हरला, शिक्षा भोगली. मग 1965 मध्ये त्या बॅरिस्टरवर दावा लावला: जखमा सुरीच्या नव्हत्या, हे दाखवणारे प्रश्न त्याने साक्षीदारांना विचारलेच नाहीत.

प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1967 मध्ये रॉन्डेल हरला. निकालाचा भर वकील चुकला की नाही यावर नव्हता. 1860 ची कारणंही आता पुरेशी राहिली नव्हती, म्हणून लॉर्डांनी संरक्षणाला नवी कारणं दिली. वकिलाचं कर्तव्य अशिलाइतकंच कोर्टाशीही असतं. दाव्याची भीती असेल तर तो अशिलाच्या सगळ्या सूचना निमूट पाळेल आणि कोर्टाचा वेळ खाईल. बॅरिस्टरला आलेलं काम नाकारायची मुभा नाही, मग त्रासदायक अशिलांपासून संरक्षण नको का? आणि तिसरं कारण, आपल्या कामाचं: वकिलावर दावा चालवायचा म्हणजे जुना फौजदारी खटला दुसऱ्या कोर्टात पुन्हा चालवणं. एकदा दोषी ठरलेला माणूस दिवाणी कोर्टात "मी निर्दोष होतो" हे सिद्ध करणार? मग आधीच्या निकालाचं काय?

म्हणजे न घडलेल्या खटल्याचा प्रश्न इतका अवघड, की तो विचारायचाच नाही. हे पहिलं उत्तर. याची किंमत अशिलाने मोजली.

पुढे 1978 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनेच हे संरक्षण अरुंद केलं. कोर्टातल्या कामाशी अगदी जवळून जोडलेल्या गोष्टींपुरतंच ठेवलं. आणि जुलै 2000 मध्ये हॉल विरुद्ध सायमन्स या निकालात ते काढूनच टाकलं. दिवाणी कामाबाबत सातही न्यायाधीश एकमताने, फौजदारी कामाबाबत 4 विरुद्ध 3. स्टॅफर्डच्या त्या तडजोडीपासून मोजलं तर 144 वर्षं लागली.

मिनेसोटा: पाऊण तासाची भेट

दुसरं उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना टॉगस्टॅड हे नाव तोंडपाठ असतं, आणि ते योग्यच आहे.

ऑगस्ट 1971. मिनेसोटा राज्यात एका माणसाला भयंकर डोकेदुखीमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला फुगा आलेला. उपचार म्हणून मानेतल्या रोहिणीवर एक चिमटा बसवला, जो हळूहळू आवळत नेऊन रक्तप्रवाह कमी करायचा. एका पहाटे नर्सला दिसलं की पेशंटला बोलता येत नाही, हलता येत नाही. चिमटा उघडायला सुमारे तासभर उशीर झाला. उजवा हात आणि उजवा पाय कायमचा गेला, बोलणंही गेलं.

14 महिन्यांनी त्याची बायको एका वकिलाला भेटली. पाऊण तास, फार तर एक तास. तिने सगळं सांगितलं, वकिलाने टिपणं घेतली. तिच्या सांगण्याप्रमाणे वकील म्हणाला, मला यात केस दिसत नाही, तरी भागीदाराशी बोलतो. पुढे काही निरोप आला नाही. तिने समजून घेतलं, केस नाही. फी घेतली नाही, वकीलपत्र नाही, काही नाही. वैद्यकीय हलगर्जीपणाचा दावा लावायची मुदत 2 वर्षं होती, ती निघून गेली. नंतर दुसऱ्या वकिलाकडे गेल्यावर हे कळलं.

नवरा-बायकोने पहिल्या वकिलाच्या फर्मवर दावा लावला. ज्युरीने नवऱ्याला 6,10,500 डॉलर आणि बायकोला 39,000 डॉलर द्यायला सांगितलं. 1980 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं.

या निकालात चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात असं सांगितलं आहे. एक, वकील आणि अशील असं नातं होतं. दोन, वकिलाने हलगर्जीपणा केला किंवा करार मोडला. तीन, नुकसान त्यामुळेच झालं. चार, वकील तसं वागला नसता तर मूळ दावा जिंकला असता. चौथी अट नीट बघा. वकिलाविरुद्धच्या या खटल्यात मेंदूच्या सर्जरीवर तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, नर्सला काय सूचना होत्या यावर उलटतपासणी झाली. वकिलावरच्या खटल्याच्या पोटात डॉक्टरवरचा अख्खा खटला चालवला गेला. अमेरिकन वकील याला खटल्यातला खटला म्हणतात.

म्हणजे लॉर्डांना जे अशक्य वाटत होतं, ते इथे करून दाखवलं. न घडलेला खटला आजच्या ज्युरीपुढे घडवायचा. हे दुसरं उत्तर. याची किंमत चुकणाऱ्या वकिलाने मोजली, पण अशिलालाही कमी मोजावी लागली नाही: एकाऐवजी दोन खटले जिंकावे लागले, एकाच खर्चात नाही.

आणि यात एक विचित्र गोष्ट घडते, जी वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मूळ खटल्यात जो वकील अशिलाची बाजू किती भक्कम आहे हे सांगत उभा असतो, तोच आता कोर्टात सांगतो की या माणसाची बाजू पहिल्यापासूनच लंगडी होती, हा हरणारच होता. स्वतःला वाचवायचा त्याचा सगळ्यात चांगला बचाव हाच. अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या दुबळ्या जागा त्याच्याइतक्या कोणाला माहीत असणार?

थोडं गणित

आता माझ्या मूळ विषयाचं बोलते. समजा मूळ दावा 10 लाखांचा होता आणि वकिलाने मुदत घालवली. जिंकायची शक्यता 60 टक्के होती. मिनेसोटाच्या पद्धतीत "जिंकला असता" हे निम्म्याहून जास्त शक्य दिसलं की पुरे. पूर्ण 10 लाख मिळतात. शक्यता 40 टक्के असेल तर शून्य. मध्ये काही नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरवरच्या दाव्यांत वेगळी पद्धत रुळली. 1958 च्या किचन विरुद्ध रॉयल एअर फोर्सेस असोसिएशन या प्रकरणात हवाई दलातल्या माणसाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला होता, 1945 मध्ये. त्याच्या विधवेच्या सॉलिसिटरनी दाव्याची तेव्हाची 1 वर्षाची मुदत घालवली. न्यायालय म्हणालं, ती जिंकली असती की हरली असती हे आम्ही ठरवत नाही. तिने एक संधी गमावली, त्या संधीची किंमत ठरवू. पूर्ण दावा 3,000 पौंडांचा धरला आणि तिला 2,000 दिले. आमच्या भाषेत हे सरळ अपेक्षित मूल्य आहे. वरच्या उदाहरणात या पद्धतीने 60 टक्केवाल्याला 6 लाख, 40 टक्केवाल्याला 4 लाख.

कुठली पद्धत बरोबर? घाई करू नका. दुसरी पद्धत गणिताला गोड वाटते, पण तिच्यात प्रत्येकाला "खरी" रक्कम सोडून भलतीच मिळते. प्रत्यक्ष खटल्यात 6 लाख कोणालाच मिळाले नसते, एकतर 10 मिळाले असते नाहीतर काहीच नाही. पहिल्या पद्धतीत 40 टक्केवाले सगळे अशील कायम रिकाम्या हाती परततात, आणि त्यांचे वकील कितीही हलगर्जी असोत, सुटतात. अवघड केस घेऊन आलेला गरीब अशील बहुतेक वेळा याच गटात असतो. म्हणजे संख्याशास्त्रातला एक साधा निर्णय, पण त्यावर कोणाला न्याय मिळणार हे ठरतं.

आपल्याकडे: दार 1926 पासून उघडं

आता भारत. इथे मला खरा धक्का बसला होता.

1926 मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स फीज अ‍ॅक्ट झाला. छोटासा कायदा, मोजकी कलमं. त्याने वकिलाला फीसाठी दावा लावायचा हक्क दिला, आणि कलम 5 मध्ये उलट बाजूही सांगितली: वकिलाने काम केलं किंवा करायचं कबूल केलं असेल, तर केवळ तो वकील आहे म्हणून निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीच्या दाव्यातून त्याची सुटका नाही. म्हणजे केनेडी आणि चेम्सफर्ड या दोन्ही निकालांची जोडी या एका कायद्याने उलटवली. ज्या राज्यकर्त्यांच्या देशात ही ढाल 2000 पर्यंत टिकली, त्यांच्याच राज्यात इथे ती 1926 मध्ये खाली आली.

मग दावे कुठे आहेत? सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा एक निकाल सापडतो, कर्नाटकातून गेलेला. अशिलाने वकिलावर दावा लावला आणि तो चालू असताना अशीलच वारला. प्रश्न पडला, दावाही त्याच्याबरोबर संपला का? न्यायालयाने सांगितलं, दावा अपकृत्यावर आधारलेला असेल तर संपतो, करारभंगावर असेल तर वारस पुढे चालवू शकतात. कोणता आहे ते पुराव्यावरून ठरवा. इतक्या मूलभूत प्रश्नाचं उत्तर मिळायला 1926 पासून 62 वर्षं जावीत, यातच खूप काही आलं.

दार उघडं असून माणसं आत का जात नाहीत? "वकील वकिलाविरुद्ध केस घेत नाही" हे उत्तर कोणीही देईल, आणि त्यात तथ्य असेलही. पण मला कागदांत एक दुसरं कारण दिसतं.

1981 चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल घ्या. अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील होतं, वकील हजर राहिला नाही, अपील निकालात निघालं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी म्हटलं ते असं: खेड्यातला पक्षकार वकील लावतो, फी देतो, आणि विश्वासाने घरी जातो. वकील कोर्टात जातो की नाही यावर पहारा ठेवणं हे त्याचं काम नाही. वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला का? अपील पुन्हा जिवंत केलं. समोरच्या पक्षाला 200 रुपये खर्च द्यायला सांगितला, आणि तो गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला.

200 रुपये! वकिलाच्या चुकीची किंमत एवढीच. बाकीची भरपाई कशी झाली? मूळ खटला पुन्हा सुरू करून. न घडलेल्या खटल्याची कल्पना करत बसण्यापेक्षा तो घडवूनच टाकायचा. हे तिसरं उत्तर, आणि तालुका कोर्टात रोज जे घडतं ते हेच: विलंब माफीचा अर्ज, एकतर्फी हुकूम रद्द करायचा अर्ज, दावा फेरदाखल करायचा अर्ज. यात करुणा आहे, हे नाकारता येत नाही. पण किंमत इथेही कोणीतरी मोजतंच. समोरचा पक्ष मोजतो, ज्याला वाटत होतं की प्रकरण संपलं. आणि पुन्हा रांगेत लागलेला अशीलही मोजतो, वर्षांच्या हिशेबाने. चुकलेला वकील मात्र बहुतेक वेळा त्या हिशेबात येतच नाही. 1993 मध्ये एका कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंही, की रफिकचा नियम सगळ्यांना सरसकट लागू नाही. शिकलेल्या, साधनं असलेल्या पक्षकाराला वकिलाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

शिवाय या उत्तराला एक मोठं भोक आहे. मुदत कायदा, 1963 च्या कलम 5 खाली उशीर माफ होतो तो अपिलाचा आणि अर्जाचा. मूळ दावाच मुदतीत लावला नाही तर ते कलम कामी येत नाही. म्हणजे मिनेसोटातल्या त्या बाईसारखी बाई सोलापुरात किंवा नांदेडात असेल, आणि वकिलाने दाव्याची मुदत घालवली असेल, तर तिचा खटला पुन्हा जिवंत करता येत नाही. तिच्यापुढे एकच रस्ता उरतो, 1926 च्या कायद्याने उघडा ठेवलेला. जिथे तिसरं उत्तर संपतं, नेमकं तिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते, आणि ते उत्तर द्यायची आपल्याकडे सवयच लागलेली नाही.

बार कौन्सिलकडे तक्रार? अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 35 खाली वकिलाला ताकीद मिळू शकते, सनद निलंबित होऊ शकते, नावही काढलं जाऊ शकतं. अशिलाला नुकसानभरपाई मात्र नाही. आणि पुण्यातल्या दोन वकिलांविरुद्धच्या एका प्रकरणात 1980 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की चुकीचा सल्ला आणि गैर सल्ला यांत फार अंतर आहे. नैतिक खोट नसेल तर नुसता निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन होत नाही. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण प्रामाणिक हलगर्जीपणाचा बळी इथेही दाराबाहेरच राहतो.

उरला ग्राहक मंच. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणलं होतं. दिल्लीतल्या एका अशिलाने त्याच वाटेने वकिलाविरुद्ध तक्रार केली. वाद लहान रकमेचा: चेक न वटल्याच्या प्रकरणात समोरच्याने दिलेले 20,000 रुपये आणि खर्चाचे 5,000 वकिलाने वेळेवर हाती दिले नाहीत, ही तक्रार. 2007 मध्ये राष्ट्रीय आयोगाने सांगितलं, वकील या कायद्याखाली येतात. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 14 मे 2024 ला निकाल आला: येत नाहीत. कारण असं, की वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही, अशिलाचं त्याच्यावर थेट नियंत्रण असतं, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार, आणि तो कायद्यातून वगळलेला आहे. मात्र न्यायालयाने हेही नोंदवलं, की याचा अर्थ व्यावसायिकांवर दावाच लावता येत नाही असा होत नाही. साधं दिवाणी कोर्ट आहेच.

आता 1981 आणि 2024 शेजारी ठेवा. एका निकालात पक्षकार म्हणजे वकिलावर विसंबून घरी जाणारा माणूस, ज्याच्या हातात काही नाही. दुसऱ्यात तो वकिलावर थेट नियंत्रण ठेवणारा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचेच. दोन्ही आपापल्या प्रश्नाला उत्तर देत होते, हे खरं. पण अशील म्हणजे कोण, याची दोन चित्रं आपल्या कायद्यात एकाच वेळी टांगलेली आहेत, आणि कुठल्या कामासाठी कुठलं चित्र काढलं जातं हे बघणं हे इतिहासकाराचं काम.

तयारी करणाऱ्यांसाठी

यातून पद्धतीच्या तीन गोष्टी घेऊन जा.

एक, निकालांची छापील खंडावळ हे नमुना-संच आहे, लोकसंख्या नाही. तिच्यात तीच प्रकरणं येतात ज्यांत कोणाकडे तरी वर जायला पैसा आणि दम होता. "भारतात असे दावे कमी" हे वाक्य लिहिण्याआधी "वरच्या कोर्टात पोचलेले कमी" असं लिहा. खालच्या कोर्टातले फेरदाखलीचे अर्ज वाचलेत, तर वकिलांच्या चुकांचा सगळ्यात मोठा दप्तरखाना तोच आहे हे कळेल. फक्त त्याच्यावर ते नाव लिहिलेलं नसतं.

दोन, कायद्याची तारीख आणि वापराची तारीख वेगळ्या ठेवा. 1926 हे साल पाहून "भारत पुढे होता" असं लिहायचा मोह होतो. कलम पुढे होतं. वहिवाट नव्हती.

तीन, "तसं झालं नसतं तर" हा प्रश्न इतिहासात विचारू नये असं शिकवतात. पण ज्या संस्थांचा तुम्ही अभ्यास करता त्या तो रोज विचारत असतात आणि त्यावर माणसांचे पैसे, जमिनी, पेन्शनी ठरतात. त्यांनी तो कसा विचारला, कधी टाळला, आणि टाळल्यावर बिल कोणाच्या नावावर फाडलं, हा पूर्णपणे इतिहासाचा प्रश्न आहे.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं आपण म्हणतो. जो चढला आणि ज्याचा वकील मधल्या पायरीवर थांबला, त्याचं काय, यावर म्हण काही सांगत नाही. त्यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. विषय मोकळा आहे.